हवामानाच्या चौकटीत भरती-ओहोटीच्या वेळाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात राकसकोप जलाशयाची पातळी बेळगावकर रोज पेपरात बघतो. तशीच एक लहान चौकट ऑक्टोबर ते मे या काळात दर शुक्रवारी आपल्या दैनिकात यावी, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. चौकटीत शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात, मालवण, वेंगुर्ले आणि कारवार या तीन ठिकाणांच्या. पाऊस ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातून दर सुट्टीला गाड्या घाट उतरतात. कोणी चंदगडवरून आंबोलीला, कोणी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याला, निपाणी-संकेश्वरचे लोक आजऱ्यावरून आंबोलीला. हॉटेलची खोली, गाडीचं डिझेल, जेवणाची थाळी याची चौकशी घरातून निघण्याआधी होते. पाण्याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

आम्हा घाटावरच्यांना पाण्याची पातळी म्हणजे ऋतूनुसार बदलणारी गोष्ट. समुद्राची पातळी सहा-सव्वासहा तासांत बदलते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मालवण-वेंगुर्ल्याकडे हा फरक दोन मीटरच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे दुपारी डोक्यावरून पाणी असू शकतं. अष्टमीच्या सुमारास हाच फरक बराच कमी असतो.

किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५. तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे पूर्ण ओहोटी. अष्टमीला ८ ची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती आणि बाराच्या पुढेमागे ओहोटी. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून सहलीचा दिवस ठरवायला तो पुरेसा आहे. बारीक वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते आहेत. हैदराबादची इन्कॉईस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारेही देते. चौकटीचा मजकूर तिथूनच घेता येईल.

आता आपल्याकडच्या सहलीचं वेळापत्रक या हिशेबावर ठेवून बघा. सकाळी सहाला बेळगाव सोडायचं, आंबोलीला नाश्ता, साडेदहा-अकराला किनारा. किल्ला किंवा एखादं देऊळ, मग मासे-भात, आणि दोनच्या सुमारास पोरं पाण्यात. रविवार पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ आला तर हीच वेळ सगळ्यांत वाईट. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात थोडं उतरतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून जवळजवळ निम्मं उतरतं. सव्वाअकराची भरती धरली तर तो काळ साधारण सव्वाएक ते सव्वातीन. नेमकं तेव्हा पोट भरलेलं असतं, ऊन चढलेलं असतं, आणि पाणी आत ओढत असतं. खाडीच्या तोंडाशी ही ओढ दुप्पट जाणवते, कारण नदीचं पाणीही ओहोटीबरोबर बाहेर धावतं. देवबागला कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तो संगम नावेतून बघायला फार सुंदर आहे. तिथे पोहायला मात्र उतरू नये, कितीही उथळ दिसला तरी.

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले ८ जण बुडाले. हे शहर ते विसरलेलं नाही. पण त्या दिवसानंतर समुद्राची माहिती आपल्या घराघरांत, शाळा-कॉलेजांत पोचवायला हवी होती, तेवढी पोचलेली दिसत नाही, म्हणून हे थोडं सविस्तर लिहितो.

लाटा पाणी सतत किनाऱ्याकडे आणतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखाली वाळूचा पट्टा असतो, त्यात जिथे खिंड पडलेली असते तिथून ते एकवटून समुद्राकडे धावतं. हीच ओढ. अशा जागी लाट फुटत नाही किंवा कमी फुटते, पाणी गढूळ किंवा आजूबाजूपेक्षा गडद दिसतं, आणि फेस, पालापाचोळा आत जाताना दिसतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा आणि मध्ये हा शांत पट्टा बघून नवखा माणूस मुलांना घेऊन तिथेच उतरतो. उतरण्याआधी दहा मिनिटं उंच जागेवरून पाणी बघावं आणि मासेमारी करणाऱ्या कोणालाही विचारावं, "आज ओढ खंय आसा?" (आज ओढ कुठे आहे?) हसत का होईना, बोट दाखवून खरं सांगतात.

ओढीत सापडलेला माणूस बुडतो तो बहुतेक वेळा दमून. किनारा समोर दिसत असतो, म्हणून तो ओढीच्या विरुद्ध हात मारत राहतो. विहिरीत, नदीच्या डोहात पोहायला शिकलेले आपल्याकडचे तरुण इथेच फसतात. हातात ताकद असते आणि ती पाच मिनिटांत संपते. करायचं ते असं: हात वर करून ओरडा, पाठीवर तरंगा, खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं. ओढ अरुंद असते, म्हणून किनाऱ्याला समांतर सरका, आणि जिथे लाटा फुटताहेत तिथून त्यांच्याबरोबर बाहेर या. काठावरच्यांनी वाचवायला उडी घेऊ नये. एकामागे एक जाणारे बळी याच उडीतून होतात. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन, गाडीतली दोरी, ट्यूब, जे तरंगेल ते फेकावं. प्रत्येक गाडीत पाण्याचे कॅन असतातच, एक रिकामा करून काठावर ठेवावा.

बोटीबद्दल. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी खडकांमधल्या वाटेने जातात आणि साधारण तासाभराने परत आणतात. किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, बांधकाम १६६७ ला पुरं झालं. तट सुमारे तीन किलोमीटर आहे, त्यामुळे एका तासात सगळा तट चालून होत नाही. दोन बुरुजांच्या वळणात लपलेला दरवाजा, छत्रपतींच्या हातापायाचे ठसे, शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी एवढं नीट बघावं. चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या खडकाळ बेटावर या विहिरींना गोडं पाणी आहे, मुलांना काठावर उभं करून हे दाखवण्यासारखं आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. गर्दी वाढणारच. सकाळची पहिली बोट पकडणं हा त्यावर उत्तम उपाय. तेव्हा ऊनही नसतं आणि वाराही पडलेला असतो. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलो ते इथे कामी येतात: पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा असतो, दुपारी समुद्राकडून जोराचा सुटतो आणि पाणी खळबळतं. डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, स्कूबा, होडीतली कुठलीही फेरी सकाळी दहाच्या आत उरकावी.

लाइफ जॅकेट अंगात अडकवलं म्हणजे झालं असं नाही. सगळे बक्कल लावून दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढावं; जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मुलांच्या मापाचंच हवं, नसेल तर ती बोट सोडून द्यावी. फोटोसाठी सगळे एका बाजूला गेले की छोटी बोट कलते. जानेवारी २०१९ मध्ये कारवारजवळ कूर्मगडाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटून १६ जण गेले, त्यांत हावेरीकडचे, म्हणजे आपल्यासारखेच समुद्र न बघितलेले लोक होते. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून २ पर्यटक दगावले, तेव्हा जलक्रीडांचा हंगाम संपायला अगदी थोडे दिवस उरले होते. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा आणि किल्ल्याची प्रवासी वाहतूक बंद असते. आमचं मत असं की मेचा दुसरा पंधरवडासुद्धा पाण्यात उतरण्याचा नव्हे. आंबे, फणस, कोकम खायला खुशाल जावं.

स्कूबाविषयी एक गोष्ट खास आपल्या भागातल्या लोकांसाठी, कारण मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना ती कोणी सांगितली तरी आपल्याला कोणी सांगत नाही. खोल पाण्यात दाबाखाली हवा घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. त्याआधी हवेचा दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, मुंग्या येतात, क्वचित त्याहून गंभीर काही होतं. डाइव्हनंतर विमानात बसण्याबाबतचा वैद्यकीय सल्ला सुमारे ६०० मीटर उंचीपासून लागू होतो: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून अधिक डाइव्ह झाल्या तर १८ तास. आंबोली ६९० मीटरवर आहे, बेळगाव साडेसातशेच्या आसपास. सकाळी डाइव्ह आणि दुपारी घाट, ही आपली नेहमीची घाई या सल्ल्यात बसत नाही. पर्यटकांची डाइव्ह उथळ आणि दहा-वीस मिनिटांची असते, त्यामुळे धोका कमी आहे हे खरं. तरी डाइव्ह पहिल्या दिवशी सकाळी ठेवावी, रात्र किनाऱ्यावर काढावी आणि दुसऱ्या दिवशी घाट चढावा.

बाकी पोहता न येणाऱ्यालाही ही डाइव्ह करता येते. सर्दी झालेली असेल तर मात्र अजिबात करू नये. खाली जाताना कानावर दाब येतो; नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली की तो सुटतो. दुखायला लागल्यावर फुंकर मारून उपयोग नसतो, प्रत्येक हातभर खाली जाताना आधीच मारायची. सर्दीत ही वाट बंद असते आणि पडदा फाटू शकतो. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, विशेषतः वर येताना, कारण फुप्फुसातली हवा फुगते. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर काठावर बसावं आणि अर्जावर खोटं लिहू नये. पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: प्रत्येकाबरोबर एक प्रशिक्षक असेल का, त्याचं प्रमाणपत्र बघायला मिळेल का, बोटीवर ऑक्सिजन आहे का. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे शिकलेली स्थानिक मुलं भरपूर आहेत. 'स्कूबा पॅकेज' म्हणून कमरेएवढ्या पाण्यात रिंग धरून तोंड बुडवायला लावणारेही आहेत, ते स्नॉर्कलिंग झालं. पाणी स्वच्छ दिसायला अष्टमीच्या आसपासचे दिवस चांगले, कारण तेव्हा पाण्याची ये-जा कमी आणि वाळू कमी उठते.

उलट अमावास्या-पौर्णिमेचा शनिवार आला तर पोहणं बाजूला ठेवून संध्याकाळी खडकाळ किनारा बघावा. साडेचार ते साडेपाच या वेळात पाणी मागे हटलेलं असतं. मालवणच्या खडकांत, वेंगुर्ल्याकडे खाचखळग्यांत साठलेल्या पाण्यात समुद्रफुलं, खेकडे, शंखात राहणारे संन्यासी खेकडे, कधी समुद्री साही दिसतात. शेवाळावर चप्पल घसरते, मागे पट्टा असलेले सँडल घालावेत. उचललेला दगड होता तसाच परत ठेवावा, त्याखालचा जीव उन्हात मरतो. पाणी परत चढू लागलं की आधी मागची वाट भरते, म्हणून पूर्ण ओहोटीची वेळ झाली की निघावं. ओहोटीत घट्ट दिसणाऱ्या ओल्या वाळूवर गाडी नेण्याचा मोह आपल्याकडच्या केए-२२ नंबरच्या, म्हणजे बेळगावच्या गाडीवाल्यांना फार. चाक रुतलं की सहा तासांत पाणी दारापर्यंत येतं, शिवाय कासवांची अंडी वाळूतच असतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकरी जपतात. अंडी घातल्यापासून दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि पहाटे किंवा सूर्यास्ताला समुद्रात सोडतात. तिथे बॅटरी, फ्लॅश, हात लावणं तिन्ही नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात.

रापण ओढताना बघायला मिळाली तर थांबावं. होडी जाळं घेऊन अर्धवर्तुळ काढत जाते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांत दोर ओढतात. विचारून हात लावला तर कोणी नाही म्हणत नाही. ताणलेल्या दोरावरून उडी मात्र मारू नये. जाळ्यातल्या जेलीफिशला आणि पाकटासारख्या माशाला हात लावू नये. काटा किंवा दंश झालाच तर वाळू चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावं, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास तो भाग बुडवावा आणि डॉक्टर गाठावा.

इतकं सगळं दिवसाउजेडी. किनाऱ्याची खरी श्रीमंती रात्री देवळापुढे दिसते आणि आपण तेव्हा घाट चढत असतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि प्रत्येक जत्रेला दशावतार. तिकीट नाही, खुर्ची नाही. खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग मालवणीत प्रेक्षकांशी बोलणारा काळा संकासुर. त्यानंतर आख्यान. संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली असते आणि राजा, ऋषी, राक्षस जागच्या जागी एकमेकांना उत्तरं देतात. साथीला पायपेटी, पखवाज, झांज एवढंच. स्त्री-भूमिका पुरुष करतात आणि प्रत्येक जण आपला रंग आपणच लावतो. रंगपटाशी, म्हणजे रंग लावायच्या जागेशी, परवानगी घेऊन दहा मिनिटं बसलं तर नाटकाइतकंच तिथे शिकायला मिळतं. बसायला सतरंजी, मध्यरात्रीनंतरच्या दवासाठी शाल, आणि फोनचा फ्लॅश बंद. आपल्या सीमाभागात नाटकाची, भजनाची आवड घराघरांत आहे, आपल्या लोकांना यातलं प्रत्येक वाक्य कळतं. कळत नाही ते एवढंच की आज खेळ कुठल्या गावात आहे. तुमची चौकट तेही सांगू शकेल.

जत्रेची तारीख तिथीवर असतेच असं नाही. मसुऱ्याच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा देवीच्या कौलाने ठरते आणि आधी जाहीर होते. देवगडला कुणकेश्वरची जत्रा मात्र महाशिवरात्रीला, ठरलेली. या दोन जत्रांना स्वतःची गाडी नेण्यापेक्षा एसटी बरी.

परतीच्या वाटेवर कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय आहे. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीला चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी घ्यावीत, राजवाड्यात हाताने रंगवलेल्या गंजिफा बघाव्यात. दशावतारी गंजिफाचा डाव १२० गोल पत्त्यांचा असतो, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा.

ज्यांना घाट उतरून कारवारकडे जायचं आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून चालू असलेल्या शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण राज्याच्या हद्दीतच. म्हणजे बेळगावहून कारवार, गोकर्ण मोफत, मालवण-वेंगुर्ले नाही. महिला मंडळांनी, भजनी मंडळांनी याचा विचार करावा. कारवारच्या दक्षिणेला कुमठा-होन्नावर पट्ट्यात हिवाळ्यापासून मेपर्यंत रात्रीचे यक्षगान, म्हणजे कन्नड लोकनाट्याचे खेळ असतात, बडगुतिट्टू या उत्तरेकडच्या शैलीचे. दशावतार बघितलेल्या माणसाला भाषा नवी असूनही बरंच ओळखीचं वाटेल.

चौकटीला एका स्तंभाची चार बोटं जागा पुरेल. शनिवार आणि रविवार, प्रत्येक ठिकाणच्या दिवसाउजेडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि तिथी. उंच लाटांचा इशारा असेल तर एक ओळ ठळक. आणि खाली त्या दोन दिवसांतल्या जत्रा व दशावताराची गावं. जत्रांची माहिती सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणच्या वार्ताहरांना सहज मिळते. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी झाली तर शाळांच्या सहली ठरण्यापूर्वी ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचेल.

आपले नम्र,
किनाऱ्यावर नेहमी जाणारे काही बेळगाव-खानापूरकर वाचक